रायफलीवरचा मराठी चार

नाशिकच्या भांडीबाजारात सहादू पगारेच्या हातचं नाव ज्या घरात नाही ते घर शोधायला कंदील घेऊन निघावं लागेल, असं त्याचे शेठ गिऱ्हाइकांना सांगत. शेठच्या बोलण्यातला निम्मा भाग दुकानदारीचा म्हणून सोडून दिला, तरी उरलेला निम्मा खरा होता. दुकानाच्या पायरीशी एक लाकडी स्टूल, मांडीवर गोणपाटाचा तुकडा आणि हातात विजेवर चालणारं नाव घालायचं मशीन, असा सहादू सकाळी दहाला बसायचा तो दिवेलागणीला उठायचा. हंडे, कळश्या, डबे, ताटं, कुकर. लग्नसराईत तर मान वर करायला फुरसत नसे. ‘चि. सौ. कां. अमुक हिस मामा-मामींकडून सप्रेम भेट’ हे त्यानं किती हजार वेळा लिहिलं असेल याची गणती कोण ठेवणार? गिऱ्हाइकानं चिठ्ठीवर नाव चुकीचं लिहून आणलं, तर सहादू ते आधी सुधारून घेई. शाळा सातवीत सुटली होती, पण ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत तो कुणा मास्तरांचंही ऐकून घ्यायचा नाही.

त्याचा दुसरा हट्ट चकाकीचा. भांडं गिऱ्हाइकाच्या हाती देताना त्यात गिऱ्हाइकाचं तोंड दिसलंच पाहिजे. यासाठी त्यानं घरी एक जुनी पॉलिशची मोटार बसवून घेतली होती आणि रविवारी बाहेरचं काम तो तिच्यावर करायचा. गुण चांगलाच होता. पण माणसाच्या गुणाला कुठं थांबायचं ते कळावं लागतं, आणि सहादूच्या गुणाला ते कधीच कळलं नाही.

सहादूला सख्खं असं एकच माणूस होतं, मोठी बहीण आक्काबाई. आईबाप एका सालात गेले तेव्हा ती सोळा वर्षांची आणि हा सात. तिनं दुसऱ्यांच्या बागांत द्राक्षं खुडून याला वाढवला आणि याला भांडीबाजारात चिकटवून दिल्यावरच स्वतःच्या लग्नाला हो म्हणाली. नवरा मिळाला तो निवृत्ती गांगुर्डे, महार रेजिमेंटमधला शिपाई. पुढं हवालदार होऊन पेन्शनीत आला आणि पिंपळगाव बसवंतला स्थायिक झाला. सगळं गाव त्याला हवालदारच म्हणे. सहादू मात्र दाजी म्हणे. दाजी उंच, सडपातळ, बोलायला कमी. त्यांना मूलबाळ झालं नाही, त्यामुळं सहादूची मुलगी संजना हीच त्या घरची लेक. तिचं बारावीनंतरचं नर्सिंगचं शिक्षण आक्का आणि दाजींच्याच जोरावर पार पडलं, हे सहादू कुणापुढंही कबूल करायचा.

पेन्शनीत आलेल्या फौजीला नोकरी मिळते, पण बंदूक असेल तर मिळते. महामार्गाला लागून द्राक्षांचं एक कोल्ड स्टोरेज होतं, तिथं बंदूकवाला गार्ड पाहिजे होता. दाजींनी रीतसर परवाना काढला आणि नाशिकच्या एका म्हाताऱ्या साहेबांकडून वापरलेली रायफल विकत घेतली. साहेब आफ्रिकेत राहून आलेले. तिकडं त्यांनी ती घेऊन हरणं मारलेली. इकडं शिकारीला बंदी, तेव्हा रायफल कपाटात पडून होती. स्टेनलेस स्टीलची, दुधाळ रंगाची, तिचा उजेड डोळ्यांवर येत नसे. ‘हिला गंज म्हणून चढायचा नाही,’ असं साहेब म्हणाले होते. गेटावर दाजी ती खांद्याला लावून उभे राहत, तेव्हा द्राक्षांच्या टेम्पोचे ड्रायव्हर हॉर्न न वाजवता थांबत. अशी पाच वर्षं गेली, आणि त्या पाच वर्षांत आक्कानं नवऱ्याच्या शर्टाला रोज इस्त्री केली.

निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. नव्व्याण्णव साली निवडणूक आली ती ऐन पावसाळ्याच्या शेवटाला. दाजींनी रायफल पुसून, तेल लावून जमा केली. दीड-दोन महिने ती ओल आलेल्या खोलीत, कुणाच्या तरी ओल्या गोणपाटाला टेकून उभी राहिली आणि दिवाळीच्या आधी परत मिळाली, तेव्हा नळीवर आणि बाजूच्या पट्टीवर चहाच्या भुकटीएवढे तांबूस ठिपके पडले होते.

दाजींना ते लागलं. त्याच रविवारी ते रायफल पिशवीत घालून पंचवटीत सहादूच्या घरी आले.

“सहादू, स्टीलला गंज चढतो का रे?”

“चढतो की, दाजी. लोक म्हणत्यात चढत नाय. स्टेनलेस म्हंजी डाग कमी, डाग नाय असं नाय. पण ह्यो वरचा हाय. आत गेलेला नाय. तासाभरात काढून देतो.”

दाजींनी लाकूड अलग केलं, गोळी आत सरकवणारा बोल्ट काढून स्वतःच्या खिशात घातला आणि नळी सहादूच्या मांडीवरच्या गोणपाटावर ठेवली. परवान्याचं हत्यार दुसऱ्याच्या हाती द्यायचं नसतं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पण मेव्हणा म्हणजे काय दुसरा? कॉलनीतल्या विहारात त्यांच्या पलटणीतल्या एका मित्राच्या मुलाच्या लग्नाचं बोलणं होतं, तिकडं ते दोन तासांसाठी गेले.

गंज काढायचं काम सहादूनं केलं ते मात्र वाखाणण्यासारखं. तारेच्या घासणीला त्यानं हातसुद्धा लावला नाही. लोखंडाचा कण स्टीलात रुतला की पुढं तोच गंजतो. म्हणजे गंज काढायला गेले आणि पेरून आले, अशी गत. त्यानं आधी रॉकेलच्या फडक्यानं मळ काढला, मग मशीनचं तेल सोडून ते ठिपक्यांवर मुरू दिलं आणि पितळी तारांचा मऊ ब्रश घेऊन, धातूवरच्या बारीक रेघा ज्या दिशेला त्याच दिशेला, हलक्या हातानं चोळत राहिला. फडकं तांबूस झालं की बदलायचं, पुन्हा तेल, पुन्हा ब्रश. पाऊण तासात ठिपके गेले. त्यांच्या जागी अगदी तिरपं धरून पाहिलं तरच दिसतील अशा फिकट खुणा राहिल्या. इथं एखाद्यानं तेलाचा हात फिरवून काम संपवलं असतं आणि ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

सहादूला त्या खुणा सोसेनात. एवढा मोलाचा जिन्नस, आपल्या दाजींचा, आणि तो असा मिणमिणता? गेटावर उभे राहिले की कसा लखलखला पाहिजे! त्यानं पॉलिशची मोटार लावली, फिरत्या चाकाला पॉलिशची हिरवी वडी लावली आणि नळी चाकावर धरली. काय चकाकी आली! त्यात त्याला स्वतःची मिशी दिसली. मग तो बाजूच्या पट्टीवर आला. तिथं कारखान्यानं घातलेला पाच आकड्यांचा नंबर होता. लिहिलेलं दिसलं की वाचायचं, ही सहादूची सवय, म्हणून त्यानं तो सुरुवातीलाच वाचला होता: सात, शून्य, तीन, चार, एक. नंबर उथळ होता. चाक फिरलं, पट्टी आरशासारखी झाली, आणि चार गेला. बाकीचे आकडे असून नसल्यासारखे.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणायचीही सोय नव्हती, कारण सहादूला त्यात काही बिघडलं असं वाटलंच नाही. जुन्या हंड्यावरचं आजीचं नाव पॉलिशमध्ये पुसलं गेलं तर काय करतात? पुन्हा घालतात. त्यानं नाव घालायचं मशीन सुरू केलं. परदेशी वस्तू, तेव्हा आकडे इंग्रजीतच पाहिजेत, एवढं भान त्याला होतं. बाकीच्या आकड्यांच्या पुसट रेघा शिल्लक होत्या, त्या त्यानं पाहून पाहून नेमक्या गिरवल्या. पण चार पाहायला उरलाच नव्हता, तो आठवून घालायचा होता. आणि तीस वर्षं लग्नाच्या तारखा घातलेल्या हाताला आठवला तो आपला चार, वरून उघडा, खाली गाठ मारलेला, मराठी. त्याला कळलंसुद्धा नाही. फुंकर मारून त्यानं पट्टी पुसली आणि आधीपेक्षा नंबर किती ठसठशीत दिसतो म्हणून खूष झाला.

दाजी परतले आणि दारातच थबकले.

“हे काय केलंस? अरे, शिकारीची रायफल ही. चमकायची नसते ती. मैलावरून दिसेल.”

“गेटावर शोभंल, दाजी.”

दाजींनी नळी उचलून घेतली. लाकूड बसवलं, बोल्ट घातला, रायफल पिशवीत गेली. चष्मा ते घरी ठेवून आले होते. नंबराचं सांगावं, असं सहादूच्या ओठांवर आलं होतं. पण चकाकीवरूनच माणूस नाराज झालेला, त्यात हे आणखी कशाला, म्हणून त्यानं ते गिळलं. एका वाक्याचं काम होतं. ते त्या दिवशी बोलला असता तर दाजींनी चष्मा घालून पाहिलं असतं आणि दुसऱ्याच दिवशी दोघं ठाण्यात जाऊन सांगून आले असते.

जानेवारीत परवान्याचं नूतनीकरण आलं. दाजी कागद आणि रायफल घेऊन ठाण्यात गेले. तिथल्या कारकुनानं परवान्यावरचा नंबर वाचला, रायफलीवरचा वाचला आणि पुन्हा वाचला. कागदावर चार, रायफलीवर आठ. म्हणजे त्याला तो आठ वाटला. त्यानं फौजदारांना बोलावलं. फौजदार सटाण्याकडचे, बिलंदर माणूस. त्यांनी भिंग मागवलं, बराच वेळ पाहिलं आणि हसले.

“हवालदार, हा आठ नाही. हा आपला मराठी चार आहे. परदेशातल्या कारखान्यात मराठी कधीपासून लिहायला लागले?”

दाजींनी चष्मा चढवला आणि पाहिलं. ज्या माणसाच्या घरातल्या प्रत्येक डब्यावर तो चार आहे, त्याला ओळखायला कितीसा वेळ लागणार? त्यांना सगळं कळलं. आणि ते म्हणाले, “मीच साफ केली, साहेब. गंज काढताना पुसला गेला. मीच परत घातला.”

फौजदारांनी एक कोरा कागद पुढं केला आणि एक ते दहा आकडे लिहायला सांगितले. दाजींनी लिहिले, फौजेत लिहीत तसे, इंग्रजीत, सरळ रेघांचे.

“हा तुमचा हात नाही,” फौजदार म्हणाले. “हे बघा, नंबर खोडलेलं हत्यार म्हणजे गुन्हा. मला ते ठेवून घ्यावं लागेल आणि केसही करावी लागेल. पण ज्यानं हे केलं तो येऊन म्हणाला, की बाबा, पॉलिश करताना पुसलं, चुकून असं घातलं, आणि मशीन चालवून दाखवलं, तर मी तसं लिहीन. चूक ती चूक, चोरी ती चोरी. त्याला पाठवा.”

“मीच केलं, साहेब,” दाजी पुन्हा म्हणाले.

हे सगळं सहादूला सांगायला आक्का आली, तीसुद्धा दुकानावर नाही, घरी आली. सहादू जेवत होता. ती समोर बसली आणि ठाण्यातली हकिकत तिनं सांगितली.

“तूच घातला ना त्यो आकडा? मला वाचता येत नाय, पण तुझा हात कळतो. माझ्या घरातल्या सतरा भांड्यांवर हाय.”

सहादूनं मान हलवली. नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही.

“मंग चल की उद्या. फौजदार म्हनत्यात, नुसतं सांगायचं हाय.”

“येतो, आक्का.”

“उद्या?”

“सोमवारी येतो.”

सोमवार आला आणि गेला. त्याच आठवड्यात संजनाचं नाव सरकारी दवाखान्यातल्या नर्सांच्या यादीत लागलं. आता राहिली होती ती पोलीस पडताळणी. घरच्यांवर काही केस आहे का, असा प्रश्न होणार. सहादू मनाशी हिशोब करू लागला. फौजदार आज म्हणतात नुसतं सांग, उद्या त्यांनी माझंच नाव केसमध्ये घातलं तर? बापाचं नाव ठाण्यात आणि पोरीची ऑर्डर अडकलेली! शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, ते काय उगाच? चोराच्या मनात चांदणं, तशी त्याची अवस्था झाली. खाकी शर्टातला पोस्टमन दुकानात शिरला तरी त्याचं मशीन थांबायचं. भीती खोटी नव्हती, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. पण ती पुरती खरीही नव्हती, आणि ते त्यालाही ठाऊक होतं.

इकडं कोल्ड स्टोरेजच्या मालकानं दाजींना काढलं नाही. वाईट माणूस नव्हता तो. बंदूक नाही म्हणजे गार्ड नाही, पण वॉचमन म्हणून राहा, असं म्हणाला आणि हाती काठी दिली. गेट तेच, खुर्ची तीच, पगार निम्मा. ज्यांनी हॉर्न न वाजवता गाडी थांबवली, तेच ड्रायव्हर आता लांबूनच वाजवत यायचे आणि खाली मान घालून दाजी गेट उघडायचे.

मार्चमध्ये, द्राक्षांच्या ऐन गर्दीत, सहादू एकदा तिकडं गेला. फौजदारांकडं जाऊ असंच ठरवून निघाला होता. आधी दाजींना भेटू, मग दोघं मिळून जाऊ. गेटापाशी टेम्पोंची रांग लागली होती आणि दाजी काठी बगलेत धरून चिठ्ठ्या तपासत होते. त्यांनी सहादूला पाहिलं, रांग जाऊ दिली आणि मग त्याला पाण्याच्या टाकीमागं सावलीत नेलं.

“जय भीम, दाजी.”

“जय भीम. संजनाची ऑर्डर आली का?”

“नाय अजून. पडताळणी व्हायचीय.”

“मग आत्ता इकडं कशाला आलास?”

“ते... फौजदारांकडं...”

“ऐक,” दाजी म्हणाले. “पोरीची ऑर्डर हातात येऊ दे. तोवर तू ठाण्याच्या वाटेला जाऊ नकोस. मी काय, गेटावर उभा आहेच.”

त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या टेम्पोकडं गेले. सहादू परतीच्या एस.टी.त बसला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते, आणि त्याच वेळी त्याला हलकंही वाटत होतं. आपल्याला मोकळं केलं, असं त्यानं त्या बोलण्यातून घेतलं. ‘तोवर’ हा शब्द त्यानं ऐकला होता, पण सोयीनं ऐकला होता.

जूनमध्ये ऑर्डर आली. पांढरा ड्रेस, पांढरे बूट, पहिला दिवस, घरात आनंदीआनंद. सहादू स्वतःला म्हणाला, पोर रुजू होऊ दे. रुजू झाली. मग म्हणाला, सहा महिने जाऊ देत, कायम होऊ दे. कायम झाली. मग तिचं लग्न ठरलं, आणि लग्नाच्या घरात ठाणं कशाला? लग्नात दाजी आले, मंडपात पाहुण्यांना पाणी दिलं, नवरदेवाला घड्याळ दिलं. सहादूशी ते बोलले ते जेवणाच्या पंगतीबद्दल. आक्का कुणाशीच फारसं बोलली नाही. ते सटाण्याकडचे फौजदार बदलून गेले. त्यांच्या जागी आलेल्याला त्या चाराची गंमत वाटायचं काही कारण नव्हतं. त्यानं कागद पुढं सरकवले. तारखा पडत राहिल्या. दर तारखेला दाजी इस्त्रीचे कपडे घालून निफाडच्या कोर्टात जात आणि संध्याकाळी परत येत.

या काळात सहादूच्या हाताला काही झालं नाही. त्याचं मशीन तसंच चालत होतं, नावं तशीच देखणी पडत होती. फक्त तारीख घालायची वेळ आली की तो गिऱ्हाइकाला विचारायचा, “इंग्रजीत घालू का मराठीत?” आधी तो असं कधी विचारत नसे. शेठ म्हणायचे, पगारे म्हातारे व्हायला लागले. तोंडात मिठाची गुळणी धरून माणूस किती दिवस काढू शकतो, याचा मात्र त्याला स्वतःलाच अचंबा वाटायचा. एकदा भीमजयंतीच्या दुसऱ्या दिवशी तो ठाण्याच्या फाटकापर्यंत गेलाही होता. पहारेकऱ्यानं “काय काम?” म्हणून विचारलं आणि यानं बसस्टँडचा रस्ता विचारून घेतला.

निकाल लागला तो दोन हजार तीनच्या पावसाळ्यात. शिक्षा झाली नाही, दंड झाला. परवाना रद्द आणि रायफल सरकारजमा. दाजींनी कोर्टातून बाहेर येऊन पाणी प्यायलं आणि ड्यूटीवर गेले, असं लोकांनी सांगितलं. डिसेंबरात थंडी वाढली, त्यांना न्यूमोनिया झाला. संजना ज्या दवाखान्यात नर्स होती तिथंच त्यांना आणलं. सहादू तीन दिवस त्यांच्या खाटेपाशी होता. दाजींच्या तोंडाला नळी लावलेली; बोलता येत नव्हतं, ऐकू येत होतं. वॉर्डात माणसं, बाजूच्या खाटेवर माणसं, पोरगी तापाचा कागद भरतेय. सहादू त्यांचे पाय दाबत बसला. इथं नको, बरे झाले की घरी सांगू, असं त्यानं ठरवलं. चौथ्या दिवशी पहाटे दाजी गेले.

पुण्यानुमोदनाच्या दोन दिवस आधीची गोष्ट. आपल्याकडं गेलेल्या माणसाच्या नावानं विहाराला भांडी देतात. सहादू स्टुलावर बसला होता. आक्का पांढरं लुगडं नेसून, डोक्यावर गाठोडं घेऊन बाजारात शिरताना त्याला दिसली आणि तो उठून उभा राहिला. गोणपाट झटकला, मशीनची टोकदार सुई बदलली. ‘कालकथित’ हा शब्द किती जागा घेईल, ‘हवालदार’ खालच्या ओळीत घ्यावा की वरच्या, हे सगळं त्याच्या मनात मांडून झालं. कधी नव्हे इतकं सुरेख नाव घालायचं होतं त्याला.

आक्का त्याच्या समोरून गेली. थांबली नाही. चार दुकानं पुढं झिपरू नावाचा एक नाव घालणारा बसायचा, ज्याची एक ओळ सरळ येत नसे. तिनं त्याच्यापुढं गाठोडं सोडलं. पंचवीस ताटं होती.

सहादू तिच्यामागं गेला. झिपरूनं दोघांकडं पाहिलं आणि मशीन बंदच ठेवलं.

“आक्का, मी घालतो नाव.”

“नको.”

“अगं, मी असताना...”

“नको म्हनलं ना.”

बाजार चालू होता, हातगाड्या जात होत्या, माणसं वळून पाहत होती. आणि जे चार वर्षांत कुणाला सांगता आलं नाही ते सहादूनं तिथं, भर रस्त्यात, झिपरूच्या देखत सांगितलं. “आक्का, चूक माझी व्हती. मी पुसला, मी घातला. मला जायला पायजे व्हतं. मी भ्यालो.” तो लहान पोरासारखा रडत होता.

आक्कानं पदरानं एक ताट पुसलं. तिचा आवाज चढला नाही.

“आता कुनाला सांगतोस? मला म्हाईत व्हतं, त्यांनाबी म्हाईत व्हतं. पोरीची ऑर्डर येईपत्तुर नको, असं तेच म्हनले व्हते. मी त्यांच्याशी भांडले, तरी तेच म्हनले.” तिनं ताट पालथं करून मागची बाजूही पुसली. “ऑर्डर आल्याचं कळलं त्या रविवारी सकाळीच दाढी केली त्यांनी. इस्त्रीचा शर्ट घातला. मला म्हनले, आज ड्यूटीवर जात नाय, आज सहादू येनार, ठाण्यात जायचंय. दारात खुर्ची टाकून बसले. दुपारचं जेवनसुदिक तिथंच केलं. अंधार पडला तवा उठले, शर्ट काढला, घडी घालून ठिवला. तुझ्याबद्दल एक शब्द बोलले नाय. मी म्हनलं, येईल उद्या. तर म्हनले, हां.”

तिनं पहिलं ताट झिपरूच्या पुढं सरकवलं. “घाल बाबा. निवृत्ती गांगुर्डे, हवालदार.”

झिपरूचं मशीन सुरू झालं. सहादू तिथंच उभा राहिला. तो रविवार त्याला चांगला आठवत होता. त्या दिवशी तो कॉलनीत दारोदार पेढे वाटत फिरला होता, आणि पिंपळगावचा पुडा त्यानं शेजाऱ्याच्या हाती पाठवला होता.